काळीज वाचवू या

माझे थोरले मामा माळकरी होते. मंगळवेढ्याकडचे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, एकादशी कधी मोडली नाही. दारूचा थेंब त्यांच्या ओठाला लागला नाही. ते गेले लिव्हर सिरॉसिसनं.

पोटात पाणी साचलं, पाय सुजले, डोळे पिवळे झाले, तशी गावात कुजबुज सुरू झाली. ‘माळ घालून चोरून घेत असणार.’ ते बोलणं मामींच्या कानावर गेलं. आजारानं खचल्या नव्हत्या तेवढ्या त्या या बोलण्यानं खचल्या. मामांच्या आजाराशी दारूचा काही संबंध नव्हता. पंधरा वर्षांचा मधुमेह होता, सुटलेलं पोट होतं, किराणा दुकानाच्या गादीवर दिवसभराची बैठक होती. आणि सात वर्षांपूर्वीच्या एका सोनोग्राफीच्या कागदावर एक ओळ होती : फॅटी लिव्हर, ग्रेड वन. तो कागद दाखवला तेव्हा त्यांना सांगितलं गेलं होतं, ‘काळजीचं काही नाही, हल्ली सगळ्यांनाच असतं.’ मामांनी कागदाची घडी घातली आणि पोथीत ठेवून दिली.

ती घडी उलगडायला सात वर्षं लागली. तोवर उशीर झाला होता. तुमच्याही घरात, फायलीत किंवा मोबाइलमध्ये असा एखादा कागद पडून असेल. माझी पहिली विनंती एवढीच, की तो आज बाहेर काढा.

आपल्या भाषेनं या अवयवाला फार मोठा मान दिला आहे. काळीज म्हटलं की आज आपण छातीवर हात ठेवतो. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की हाती पडतं ते यकृत. जुन्या मराठीत काळीज म्हणजे यकृतही. काळजाचा तुकडा, काळजाला घरं पडणं, काळीज पिळवटणं... ज्याच्या नावानं आपण सगळी माया आणि सगळं दुःख सांगत आलो, त्या अवयवाकडे मात्र ढुंकून पाहत नाही. ते काळीज वाचवण्यासाठी मी हे लिहिते आहे. आणि हे सांगणं एकेकट्या रुग्णाला नाही, अख्ख्या घराला आहे. का, ते मामांच्याच गोष्टीत पुढे येईल.

मुकाट राबणारा अवयव

उजव्या बरगड्यांच्या आड बसलेलं यकृत साधारण दीड किलोचं. जेवणातून आलेली साखर साठवणं, उपाशीपोटी ती रक्तात सोडणं, पित्त तयार करणं, रक्त गोठायला लागणारी प्रथिनं बनवणं, औषधं आणि विषारी द्रव्यं निस्तरणं, ही सगळी कामं ते रात्रंदिवस करतं. आणि कुरकुर करत नाही. दात दुखतो, गुडघा दुखतो, पोट बिघडलं की कळतं. यकृतात चरबी भरत जाते तेव्हा बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कित्येकदा रक्तातली एन्झाइम्सही ठीक येतात. म्हणून तर सोनोग्राफी मुतखड्यासाठी केलेली असते आणि फॅटी लिव्हर त्यात सापडतं.

यकृताच्या शंभरातल्या पाचाहून अधिक पेशींत चरबी दिसू लागली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. काहींच्या यकृतात या चरबीमुळे सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली की जखमेवर व्रण धरावा तसे कडक तंतू तयार होतात, तो फायब्रोसिस. तंतूंचं जाळं सगळीकडे पसरलं, यकृत आक्रसून गाठीगाठींचं झालं, की तो सिरॉसिस. प्रत्येक जण या वाटेनं शेवटपर्यंत जात नाही, बरेच जण पहिल्याच टप्प्यावर राहतात. पण पहिला टप्पाही निरुपद्रवी नाही. फॅटी लिव्हर असलेल्यांचे सर्वांत जास्त मृत्यू हृदयविकारानं होतात. यकृतातली चरबी म्हणजे साऱ्या शरीराचा हिशेब चुकत असल्याची खूण आहे.

म्हणूनच २०२३ मध्ये जगभरातल्या यकृततज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदललं. ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्द त्यांनी काढून टाकला आणि चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नवं नाव दिलं. जुन्या नावात आजार कशामुळे होत नाही एवढंच सांगितलेलं होतं, आणि त्यातल्या दारूच्या उल्लेखानं रुग्णाच्या माथी उगाच डाग लागत होता. ही बातमी मी वाचली तेव्हा मला मामींचा चेहरा आठवला.

आपल्या देशात हा आजार किती पसरला आहे? केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, कर्करोग आणि हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तेव्हा दिलेला अंदाज असा होता : लोकसंख्येच्या ९ ते ३२ टक्के. टाइप टू मधुमेह असलेल्यांत ४० ते ८० टक्के. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातल्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी केली, तेव्हा प्रौढांमधलं प्रमाण ३८ टक्क्यांच्या पुढे निघालं. ‘सगळ्यांनाच असतं’ हे वाक्य म्हणजे फार लांबची अतिशयोक्ती राहिलेली नाही. फक्त त्यावरून काढायचा निष्कर्ष उलटा आहे. सगळ्यांना असतं म्हणून सोडून द्यायचं नसतं. सगळ्यांना असतं म्हणून सगळ्यांनी उठायचं असतं.

बारीक माणसाचं पोट

‘मी कुठे जाड आहे?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही सडपातळ, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआय दोघांना सारखंच सांगत होता; आत मात्र दुपटीहून जास्त फरक होता. पुण्याभोवतीच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवर याज्ञिक यांच्या गटानं केलेल्या कामातही हेच दिसलं. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत कमी होता तो स्नायू. चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे आपण स्नायूंचं भांडवल कमी घेऊनच जन्माला येतो, आणि जास्तीची चरबी पोटात आणि यकृतात लवकर साचते.

हे फक्त शहरात घडतं असंही समजू नका. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्याच्या खेड्यांत १,९११ माणसं तपासली, त्याचा अहवाल २०१० मध्ये आला. फॅटी लिव्हर सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या आत होता. निम्म्याहून अधिक जणांचं वजनही जास्त नव्हतं आणि पोटही सुटलेलं नव्हतं.

तेव्हा वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप जवळ ठेवा. श्वास सोडून, पोट आत न ओढता, कमरेचं माप घ्या. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते. त्याच्या वर गेलात तर ती हाक समजा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती भरायला आशाताई जो अर्ज घेऊन येतात, त्यात कमरेच्या मापाचा रकाना आहे. त्या दारात आल्या की ‘आम्हाला काही नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नका.

कागदावरची वारी

आता मामांची गोष्ट पुरी करते. त्यांना पुण्याला आणलं, तेव्हा यकृत बदलण्याशिवाय मार्ग राहिला नव्हता. यकृताचं औदार्य असं, की निरोगी माणसानं आपलं अर्ध्याहून अधिक यकृत दिलं तरी काही महिन्यांत ते जवळजवळ पूर्वीच्या आकाराचं होतं. माझा मामेभाऊ चौतीस वर्षांचा, एकुलता एक. ‘माझं घ्या’ म्हणाला आणि तपासण्यांना उभा राहिला. त्याचा अहवाल आला. त्याच्या यकृतातही चरबी होती, देता येणार नाही इतकी. ‘वजन उतरवून या, मग पुन्हा पाहू,’ असं डॉक्टर म्हणाले.

बापाला द्यायचं काळीज मुलापाशीही धड नव्हतं. दोघं एकाच ताटातलं खात मोठे झाले होते, एकाच घरात बसत होते. तो दिवस आमच्या घरात कुणी विसरणार नाही.

त्या संध्याकाळी मामी म्हणाल्या, ‘चल रे, दोघं चालू या.’ मामांनी तरुणपणी आळंदी ते पंढरपूर वारी पायी केली होती; दुकान सुरू झाल्यावर ते एसटीनं जाऊ लागले, तेही फक्त एकादशीपुरते. मामेभावानं एक लांब कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला. त्यावर वाटेतले मुक्काम लिहिले : आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी, पंढरपूर. वाट सुमारे २५० किलोमीटरची. रोज अडीच किलोमीटर चालायचं, की शंभर दिवसांत पंढरपूर. चाललेलं अंतर मामी रोज रात्री पेनानं रेघ ओढून पुढे न्यायच्या. मामा अंथरुणावरून विचारायचे, ‘आज कुठवर आलात?’

बेचाळिसाव्या दिवशी मामा गेले. कागदावर रेघ नीरा नदीपाशी आली होती, माउलींच्या पादुकांना स्नान घालतात तिथे.

तेराव्यानंतर मामींनीच चपला घातल्या. पुढचे अठ्ठावन्न दिवस दोघांनी पुरे केले. मामेभावाचं वजन ८४ वरून ७६ किलोवर आलं. सहा महिन्यांनी त्याची तपासणी झाली, तेव्हा यकृत स्वच्छ होतं. वडिलांना द्यायला ते उशिरा तयार झालं. पण तयार झालं, हे मला पुन्हा पुन्हा सांगायचं आहे. या आजारातली सगळी आशा एवढ्या एका गोष्टीत आहे : सिरॉसिसच्या आधी यकृत परत फिरू शकतं.

त्याला लागतं किती? शरीराचं वजन ३ ते ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्के उतरलं की सूजही ओसरू लागते. २०१५ मध्ये क्युबातल्या डॉक्टरांनी २९३ रुग्णांना वर्षभर फक्त आहार आणि चालणं यांवर ठेवून त्यांच्या यकृताचे तुकडे आधी आणि नंतर तपासले. ज्यांनी १० टक्के किंवा त्याहून अधिक वजन उतरवलं, त्यांच्यातल्या ९० टक्के लोकांची सूज गेली आणि ४५ टक्के लोकांचे व्रणही मागे हटले. एवढं वजन उतरवणारे थोडेच होते, ते सोपं नाही. पण सत्तर किलोच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे साडेतीन किलो आणि ७ टक्के म्हणजे पाच किलोंच्या आत. आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम उतरले तरी शंभर दिवसांत हे होतं. मूळचेच बारीक असणाऱ्यांना तर ३ ते ५ टक्केही पुरतात. घाई मात्र करू नका. उपास धरून आठवड्याला दोन-दोन किलो उतरवायला गेलं की यकृताला उलटा ताण पडतो.

आधी पाय

रोज अर्धा तास, दम लागेल पण सोबतच्याशी बोलता येईल, अशा चालीनं चाला. तेवढ्यात अडीच किलोमीटर होतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. रोजच्या अर्ध्या तासानं २१० होतात, म्हणजे दोन दिवस पावसानं खाडा झाला तरी चालतं. आणि काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात चपला ठेवून देऊ नका. वजन तेवढंच राहिलं तरी व्यायामानं यकृतातली चरबी कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

आपल्या आज्या-पणज्यांची शतपावली आठवा. जेवण झाल्याबरोबर सोफ्यावर टेकायचं नाही, हा नियम त्यांना कुणी प्रयोगशाळेतून दिला नव्हता. जेवणानंतर चाललं की रक्तात आलेली साखर पायांचे स्नायू उचलतात, आणि यकृतावरचा भार हलका होतो. शंभर पावलांऐवजी हजार करा. दुकानात, कार्यालयात, शिलाई मशीनवर बसून काम असेल तर अर्ध्या तासानं उठा, पाणी स्वतः जाऊन आणा.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवाच. स्नायूंचं भांडवल आपल्यापाशी कमी, हे वर सांगितलं. ते वाढवता येतं, साठीतही. यासाठी जिमची पावती फाडली पाहिजे असं नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्य खर्ची घालून ज्याचा प्रसार केला, तो सूर्यनमस्कार घराच्या एका चटईत मावतो. बैठका आहेत, भिंतीला हात टेकून काढायचे जोर आहेत, जिना आहे, पाण्याची भरलेली कळशी आहे. तालमींच्या या मुलुखात व्यायामाचं साहित्य शोधत फिरायची गरज पडू नये. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून पाय सरळ उचला, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा. छातीत दुखत असेल, हृदयाचा आजार असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

ताटाची डावी बाजू

मराठी ताट वाढण्याची एक रीत आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये भात-पोळी. गेल्या दोन पिढ्यांत या ताटात काय झालं ते पाहा. डाव्या बाजूची कोशिंबीर चमचाभर उरली, उजवीकडची उसळ पातळ झाली आणि मधला भात-पोळीचा ढीग वाढत गेला. देशभर केलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनं २०२५ मध्ये हेच आकड्यांत दाखवलं : आपल्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, आणि त्यातले बरेचसे पांढरा तांदूळ, पॉलिश केलेली धान्यं आणि साखर यांतून.

उपाय आपल्याच ताटात आहे. डावी बाजू मोठी करा. अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबिरी, पाव ताट उसळ, डाळ, दही, अंडं किंवा मासे, आणि उरलेलं पाव ताट भाकरी, पोळी किंवा भात. आधी कोशिंबीर आणि उसळ खा, मग भाकरी. मटकी, चवळी, हरभरा, कुळीथ, मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, ताक ही नावं महाग नाहीत आणि परकी नाहीत. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. माझ्या मामांच्या तालुक्याचंच ते पीक. पण दुकान चांगलं चालू लागलं तशी त्यांच्या घरातली भाकरी मागे पडली आणि मैद्याची खारी-टोस्ट पुढे आली, कारण भाकरी गरिबाची समजली गेली. ती समजूत आता टाकून देऊ या. भाकरी म्हणून चार खायच्या, असा याचा अर्थ नाही. दीड भाकरी आणि वाटीभर घट्ट उसळ यांनी पोट छान भरतं.

सगळ्यात आधी हात आखडायचा तो साखरेवर. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, आणि फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतच उचलतं. जास्त झालं की तिथेच त्याची चरबी बनते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसानं दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम, म्हणजे साधारण सहा चमचे. दिवसाला तीन कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, की कोटा चहातच संपला. बिस्किट, जिलेबी, थंड पेयाची बाटली अजून बाकीच आहे. ‘मग गूळ चालेल ना?’ नाही. गूळ म्हणजेही बहुतांशी साखरच, मधही तसाच. फळ चावून खा, त्याचा रस काढून पिऊ नका. चहातली साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात जीभ वळते. ही एक गोष्ट केलीत तरी माझा लेख लिहिल्याचं सार्थक झालं.

उपवासाबद्दल बोलताना मला मामांची एकादशी आठवते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे. तुपातली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, गोड लाडू असा तो दिवस जायचा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. श्रद्धा तशीच ठेवून ताट बदलता येतं : राजगिरा, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, ताक, एखादं फळ. विठ्ठलानं साबुदाणा मागितलेला नाही.

तेलाचं माप ठेवा. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटरचा डबा महिनाभर पुरला पाहिजे. वडे-भजी सणाला करा, रोजच्या चारच्या चहाला नको. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं ठेवा. आणि दारू? फॅटी लिव्हर एकदा निघालं की तिला सुरक्षित माप नाही. ‘फक्त बिअर’ हेही नको.

आणखी एक इशारा. ‘लिव्हर साफ करणारे’ काढे, चूर्णं आणि टॉनिकं यांच्या नादी लागू नका. रोगप्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवलं. वनस्पतीचं म्हणून निर्धोक, असं यकृत मानत नाही. परदेशात २०२४ आणि २०२५ मध्ये सूज आणि व्रण असलेल्या रुग्णांसाठी दोन नवी औषधं मंजूर झाली आहेत. तीही आहार आणि व्यायाम यांच्या जोडीनंच घ्यायची आहेत.

कोशिंबीर कोण चिरणार?

घरातल्या एकाला फॅटी लिव्हर निघालं, की त्याच्यासाठी वेगळं बेचव ताट आणि बाकीच्यांना नेहमीचं, असं आपण करतो. आठ दिवसांत ते मोडतं. वेगळं ताट करू नका. ताट सगळ्यांचंच बदला. माझ्या मामेभावाच्या अहवालानं आम्हाला शिकवलं ते हेच. एका घरात एकाचं यकृत चरबीचं असेल तर बाकीचेही त्याच वाटेवर असू शकतात, मुलंसुद्धा.

आणि घरातल्या पुरुषांना मला हात जोडून सांगायचं आहे. ताटाची डावी बाजू मोठी करायची म्हणजे कुणीतरी काकडी चोचवायची, गाजर किसायचं, मटकीला मोड आणायचे. हे सगळं पुन्हा घरातल्या बाईच्या माथी मारून आपण फक्त खायचं, असं होता कामा नये. तिलाही कंबर आहे, तिलाही यकृत आहे, आणि संध्याकाळचा अर्धा तास तिला कुणी मोकळा देत नाही. मामेभाऊ रोज कोशिंबीर करायला शिकला, म्हणून मामींना चालायला वेळ मिळाला. तुम्ही रात्रीची भांडी घासा आणि तिला म्हणा, ‘तू चपला घाल.’

गावानं, गल्लीनं, मंडळानं

घरानं निश्चय केला तरी रस्ता हवा. पदपथ फेरीवाल्यांनी आणि गाड्यांनी व्यापलेला, मैदानाला कुलूप, बागेतला दिवा बंद, अशा ठिकाणी ‘चाला’ म्हणणं पोकळ ठरतं. म्हणून नगरसेवकाला, सरपंचांना, सोसायटीच्या कमिटीला मागा : शाळेचं मैदान संध्याकाळी दोन तास उघडं ठेवा, चालायच्या वाटेवर दिवे लावा, टेकडी आणि तळ्याकाठ मोकळे ठेवा. गणेश मंडळांनी आरतीनंतर फेरी काढावी आणि प्रसादाच्या पेढ्यासोबत फळाची फोड ठेवावी. महिला बचत गटांनी भाकरी आणि मोडाची उसळ शाळा-कार्यालयांच्या दारात विकावी. शाळेच्या उपाहारगृहातून थंड पेयं काढून ताक आणावं. खेळाचा तास गणिताच्या शिक्षकांनी घेऊ नये.

डॉक्टरांनाही माझी कळकळीची विनंती आहे. ‘ग्रेड वन आहे, काही नाही’ हे वाक्य कृपा करून पुन्हा म्हणू नका. सोनोग्राफीची ग्रेड चरबी सांगते, व्रण सांगत नाही. रुग्णांनो, तुम्ही स्वतः विचारा : ‘माझा फिब-४ किती?’ वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरून तो काढता येतो. त्यासाठी महाग तपासणी लागत नाही. पासष्टीच्या आतल्या माणसाचा आकडा १.३ च्या खाली असेल तर व्रणाचा धोका कमी. वर असेल तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी करा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर एकदम खाली जाईल. आणि डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पायांवर सूज, काळं शौच किंवा रक्ताची उलटी दिसली, तर लेख बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

उद्या आळंदी

मामांच्या पोथीतली ती घडी मामींनी जपून ठेवली आहे. कुणी नातेवाईक घरी आला आणि ‘मला ग्रेड वन निघालंय, पण काही नाही’ म्हणाला, की त्या उठतात, पोथीतून कागद काढून त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, ‘यांनाही असंच सांगितलं होतं.’ मग फ्रिजच्या दाराकडे बोट दाखवतात. तो दुसरा कागद अजून तिथेच आहे, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत ओढलेल्या रेघेचा. आता त्यावर तिसऱ्या खेपेची रेघ आहे, हिरव्या शाईची.

आज रात्री एक लांब कागद घ्या. डावीकडे आळंदी लिहा, उजवीकडे पंढरपूर, मधले मुक्काम घरातल्या पोरांना लिहायला लावा. प्रत्येकाच्या कमरेचं माप आणि वजन कोपऱ्यात टिपून ठेवा. उद्या चहात अर्धा चमचा साखर कमी घाला, जेवताना कोशिंबिरीची वाटी मोठी घ्या, आणि जेवण झालं की सगळे मिळून दार ओढून घ्या. अर्धा तास चालून परत आलात, की आळंदीपासून अडीच किलोमीटरची पहिली रेघ ओढा.

नीरेवर ज्यांचा डाव संपला, त्या माझ्या मामांसाठी ही वाट पुढे चालवायची आहे. त्यांच्या हाती वेळ उरला नव्हता. तुमच्या हाती आजची संध्याकाळ आहे. चपला दाराशीच आहेत, चला.